राहील त्याचे घर? : बीडीडी चाळी आणि सरकारचे भाडेकरू

मुंबईतल्या पुष्कळ चाळींच्या नावात मालक दडलेला असतो. एखाद्या शेठजींनी चाळ बांधली की त्यांचे नाव तिला चिकटते. पुढे मालक गेला, वारस भांडले, इमारत कलली तरी ते नाव सुटत नाही. पु. ल. देशपांडे यांनी १९५८ साली मराठी वाचकांना जी चाळ दिली, तिच्या नावातही आडनावच आहे. बीडीडी चाळींचे तसे नाही. ही अक्षरे ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ या सरकारी खात्याची आद्याक्षरे आहेत. ते खाते काही वर्षांतच गुंडाळले गेले. त्याची आद्याक्षरे मात्र शंभर वर्षे माणसांच्या पत्त्यांवर, शाळेच्या दाखल्यांवर आणि लग्नपत्रिकांवर टिकून राहिली.

आम्ही मराठी शिकवणारी माणसे. चाळ आमच्या वर्गात वारंवार येते. सामायिक नळ, उघडी दारे, गणेशोत्सव, भांडणे, गिरणीचा भोंगा आणि संपानंतरची अवकळा हे सारे आम्ही विद्यार्थ्यांना समजावून देतो. जयंत पवार यांचे ‘अधांतर’ शिकवताना गिरणी गेल्यावर कुटुंबाचे काय होते, याची चर्चा होते. पण आमच्या लक्षात आलेली एक गोष्ट अशी, की चाळीच्या या वाङ्मयात शेजारी भरपूर आहेत, घरमालक क्वचित आहे, आणि मालक म्हणून सरकार तर जवळजवळ नाहीच. त्यामुळे एक साधा प्रश्न वर्गात कधी विचारलाच जात नाही. तीन-तीन पिढ्या सरकारच्या खोलीत भाड्याने राहिलेल्या कुटुंबाचा त्या खोलीवर हक्क कोणता?

प्रस्तुत लेखात आम्हाला या प्रश्नाचा इतिहास पाहायचा आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : हा हक्क कोणत्याही भाडेकायद्याने दिला नाही, तो राहण्यातून, वहिवाटीतून तयार झाला. आणि तो वहिवाटीतून तयार झाला हे मान्य करणारा शब्द आपल्या शासकीय मराठीला अद्याप सापडलेला नाही.

आरंभापासून पाहू. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दाट, अंधाऱ्या वस्त्यांचा प्रश्न सरकारला टाळता येईना. १८९८ मध्ये मुंबई शहर सुधारणा न्यासाची, म्हणजे ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ची स्थापना झाली. या न्यासाने बांधलेल्या त्या बीआयटी चाळी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे दीर्घकाळ वास्तव्य झाले ती परळची चाळ याच न्यासाची. तथापि न्यासाने बांधलेल्यापेक्षा पाडलेली घरे डोळ्यांत भरत होती, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात भाडी इतकी चढली, की १९१८ मध्ये सरकारला भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा करावा लागला.

अशा वेळी, डिसेंबर १९१८ मध्ये, जॉर्ज लॉइड मुंबईचे गव्हर्नर म्हणून आले. १९२० मध्ये त्यांनी विकास खाते उभे केले. या खात्याच्या दोन मोठ्या योजना होत्या. एक बॅकबेची समुद्रभरणी, आणि दुसरी कामगारांसाठी ५०,००० खोल्या. खोल्यांचा खर्च निघावा म्हणून मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया जकात बसवली गेली. म्हणजे ज्या कापसावर गिरणी चालत होती, त्याच कापसावरच्या करातून गिरणीत राबणाऱ्याला छप्पर मिळायचे होते. बॅकबेच्या कारभारातला गैरव्यवहार के. एफ. नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला, त्यावरून १९२८ मध्ये त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटलाही झाला आणि ते निर्दोष सुटले. ती कथा मुंबईच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. खोल्यांची योजना त्या मानाने शांतपणे आटोपती घेतली गेली. पन्नास हजारांच्या जागी सुमारे साडेसोळा हजार खोल्या झाल्या. २०७ चाळी, त्यांपैकी वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गाला ३२, आणि शिवडीला १२.

प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची. मजल्यावर मधोमध लांब बोळ, त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून वीस खोल्या, सामायिक संडास आणि मोऱ्या. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. भिंती काँक्रीटच्या. हे बांधकाम त्या काळात नवे होते आणि टिकाऊही ठरले. पण त्यात राहणाऱ्याचा विचार फार थोडा होता. वरळीच्या चाळी गिरण्यांपासून दूर पडत होत्या आणि भाडे कामगाराला झेपणारे नव्हते. भाडे उतरवूनही त्यांतल्या कित्येक वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत सत्याग्रहींना डांबण्यासाठी वरळीच्या रिकाम्या चाळींचा तात्पुरता तुरुंग करण्यात आला. कामगारांसाठी बांधलेले घर तुरुंग म्हणून सहज वापरता आले, एवढ्यावरूनच त्या वास्तूची जातकुळी कळते.

हा तपशील आम्ही मुद्दाम देत आहोत. आज या चाळींची जागा सोन्याच्या भावाची आहे, म्हणून सरकारने पूर्वी गरिबांना सोन्याचा तुकडा दिला होता असा समज सहज होतो. वस्तुस्थिती अशी, की कोणी राहायला येईना म्हणून ओस पडलेल्या इमारती होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत माणसे लोटली तसतशा त्या भरल्या. त्यांना राहण्यायोग्य केले ते राहायला आलेल्यांनी.

ही माणसे कोण होती? कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार, गोदीतले आणि नगरपालिकेतले कामगार, पोलीस शिपाई. खासगी चाळीत खोली मागणाऱ्याला आधी जात विचारली जाई. सरकारी चाळीचे दार दलित कुटुंबांना त्या मानाने कमी बंद होते, आणि म्हणूनच या चाळींत दलितांची वस्ती मोठी झाली. मात्र जात दाराबाहेर राहिली असे नव्हे. वस्त्या जातीजातींच्या झाल्या, एका चाळीची दुसरीशी तेढही राहिली. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीला बीडीडी चाळींच्या परिसरात दलित पँथरची सभा झाली आणि तिच्यातून दंगल पेटली. पाच दिवसांनी निघालेल्या मोर्चात भागवत जाधव हा तरुण मारला गेला. दलित साहित्याच्या अभ्यासकांना ही घटना ठाऊक असते. पण तिचे स्थळ सरकारच्या भाडेकरूंची वसाहत होते, ही बाब आपण क्वचितच ध्यानात घेतो. ज्यांना शहरात अन्यत्र खोली मिळणे अवघड होते, त्यांच्यासाठी ही १६० चौरस फूट जागा म्हणजे शहरात असण्याचाच आधार होता.

खोली केवळ निजण्यापुरती नव्हती. गिरणगावातल्या असंख्य बायकांनी अशाच खोल्यांत खाणावळी चालवल्या आणि एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांची पोटे भरली. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले ते या खाणावळवाल्यांचेच संघटन. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर पगार कायमचा बंद झाला, तेव्हा अनेक घरे या बायकांच्या चुलीवर आणि खोलीच्या अल्प भाड्यावर तगली. काम गेले, पण खोली राहिली. खोली राहिली म्हणून माणूस शहरात राहिला. निवाऱ्याचा हक्क आणि उपजीविकेचा हक्क यांचा संबंध सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये, ओल्गा टेलिस खटल्यात, पदपथावर राहणाऱ्यांच्या संदर्भात सांगितला. गिरणगावाला तो न सांगता कळलेला होता.

आता कायद्याकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे.

मुंबईच्या भाडेकरूचे रक्षण करणारा कायदा म्हणून १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा ओळखला जातो. त्या कायद्यामुळे खासगी घरमालकाला भाडेकरूला वाटेल तेव्हा काढता येईना. कारण दाखवावे लागे, लघुवाद न्यायालयात ते सिद्ध करावे लागे. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जाई. घरमालकांनी या कायद्याला कितीही दूषणे दिली, तरी मध्यमवर्गीय आणि कामगार मुंबई त्याच्या आधारावर उभी राहिली. परंतु याच कायद्याच्या चौथ्या कलमाने सरकारच्या आणि स्थानिक प्राधिकरणांच्या मालकीच्या जागा त्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला, त्याच्या तिसऱ्या कलमातही ही सूट कायम राहिली. दरम्यान १९५५ च्या मुंबई कायद्याने सरकारी जागेतून माणसाला हलवण्यासाठी स्वतंत्र मार्ग तयार केला. त्यात न्यायालयाच्या हुकूमनाम्याऐवजी सक्षम अधिकाऱ्याची नोटीस आणि आदेश पुरेसे होते.

म्हणजे चित्र असे : रस्त्याच्या एका बाजूला शेठजींची चाळ, तिथल्या भाडेकरूला कायद्याचे संरक्षण. दुसऱ्या बाजूला सरकारची चाळ, तिथल्या भाडेकरूला ते नाही. भाडेकरूंचे रक्षण करण्याचा कायदा सरकारने इतरांसाठी केला आणि स्वतःला वगळले.

हे वगळणे घटनेच्या समानतेच्या तत्त्वात बसते का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे लवकरच आला. बाबुराव शांताराम मोरे विरुद्ध बॉम्बे हाउसिंग बोर्ड या १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या खटल्यात, गृहनिर्माण मंडळाच्या जागांना मिळालेली अशीच सूट न्यायालयाने वैध ठरवली. त्यामागचा युक्तिवाद मननीय आहे. सरकार किंवा सार्वजनिक मंडळ नफ्याच्या हेतूने वागणार नाही, खासगी मालकासारखी अवाच्या सव्वा भाडेवाढ करणार नाही किंवा भाडेकरूला अकारण बाहेर काढणार नाही, असे गृहीत धरता येते, असा त्याचा आशय. थोडक्यात, सरकार हा सज्जन मालक आहे, आणि सज्जनाला कायद्याचे बंधन कशाला?

साहित्याच्या विद्यार्थ्याला ही भूमिका ओळखीची वाटेल. ‘मायबाप सरकार’ या शब्दप्रयोगात ती केव्हाचीच वसलेली आहे. मायबापांशी करार करायचा नसतो, त्यांच्याकडे अर्ज करायचा असतो. १९८९ मध्ये द्वारकादास मर्फतिया विरुद्ध मुंबई बंदर न्यास या खटल्यात न्यायालयाने या गृहीतकाची दुसरी बाजू मांडली. सूट मिळाली आहे ती सद्वर्तनाच्या अपेक्षेने, म्हणून सार्वजनिक मालकाने मनमानी करता कामा नये. त्याची कृती न्याय्य आणि लोकहिताची असली पाहिजे. तत्त्व मोलाचे होते. पण त्या खटल्यात भाडेकरू हरला, हेही नमूद केले पाहिजे. मालकाने न्यायाने वागावे असे म्हणणे निराळे आणि भाडेकरूच्या हाती हक्क असणे निराळे. पहिल्यात भाडेकरूला मालकाचे वर्तन वाईट होते हे सिद्ध करावे लागते. दुसऱ्यात आपण तिथे राहतो एवढे दाखवले तरी पुरते.

असे असता बीडीडी चाळींतली कुटुंबे शंभर वर्षे टिकली कशी? आमच्या मते याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात मिळणार नाही. ते मिळते भाडेपावतीत, रेशनकार्डात, मतदारयादीत, आणि चाळीच्या संघटित ताकदीत. कामगार संघटना, राजकीय पक्ष, गणेशोत्सव मंडळे, आंबेडकरी संस्था आणि व्यायामशाळा यांनी गजबजलेल्या वसाहतीला नोटीस देऊन हलवणे कोणत्याही सरकारला सोपे नव्हते. सार्वजनिक बांधकाम खाते भाडे घेत राहिले, बाप गेल्यावर मुलाचे नाव लागत राहिले, खोल्या हातांतून हातांत गेल्या आणि काही काळाने त्या बदलांचीही नोंद झाली. कागदावर परवानगी होती. व्यवहारात ती वहिवाट झाली.

‘वहिवाट’ हा शब्द आम्ही सहज वापरलेला नाही. मराठी कायद्याच्या भाषेत त्याला वजन आहे, आणि ते आले शेतीतून. १९४८ च्या कायद्याच्या मराठी नावातच ‘कूळवहिवाट’ आहे. दुसऱ्याच्या जमिनीत पिढ्यानपिढ्या राबणाऱ्या कुळाचा त्या जमिनीशी काही संबंध जडतो, हे त्या शब्दाने मान्य केले. १९५६ च्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल १९५७ हा दिवस उजाडला आणि कूळ कसत असलेल्या जमिनीचे खरेदीदार मानले गेले. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा कायद्यात उतरली. कोकणात १९४९ च्या कायद्याने खोती संपली. कोकणातून मुंबईला आलेल्या अनेक कुटुंबांचा एक पाय गावच्या जमिनीत होता आणि दुसरा मुंबईच्या खोलीत. भाऊ गावी कूळ होता, त्याला राज्याने मालक केले. दुसरा भाऊ मुंबईत त्याच राज्याचा भाडेकरू होता, त्याच्यासाठी ‘राहील त्याचे घर’ अशी घोषणा कोणी कायद्यात उतरवली नाही. एक फरक उघड आहे. गावात जमीन खोताची किंवा सावकाराची होती, मुंबईत ती सरकारची स्वतःची. दुसऱ्याच्या मालकीचा त्याग करवणे नेहमीच सोपे असते.

कुळाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कुळाला जमीन फुकट मिळाली नव्हती. कायद्याने ठरवून दिलेली किंमत त्याने भरायची होती. त्यामुळे कुळाला कोणी लाभार्थी म्हटले नाही. तो खरेदीदार होता, आणि त्याआधी तो कसणारा होता.

बीडीडी चाळींच्या वाट्याला आला तो मात्र ‘लाभार्थी’ हा शब्द. चाळी जीर्ण झाल्या, काँक्रीटमधल्या सळ्या उघड्या पडल्या, आणि भोवतालच्या गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहू लागले, तशी पुनर्विकासाची चर्चा अनेक वर्षे चालली. २०१६ मध्ये राज्य शासनाने म्हाडामार्फत पुनर्विकास करण्याचा निर्णय घेतला. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग या तीन ठिकाणच्या १५,५९३ गाळ्यांच्या जागी प्रत्येक पात्र कुटुंबाला ५०० चौरस फुटांचे घर, विनामूल्य आणि मालकी तत्त्वावर. एप्रिल २०१७ मध्ये भूमिपूजन झाले, प्रत्यक्ष कामाला दीर्घ विलंब लागला, वरळीच्या कामाचा प्रारंभ ऑगस्ट २०२१ मध्ये झाला, आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या रहिवाशांना देण्यात आल्या.

१६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत गेलेल्या कुटुंबाचा आनंद खरा आहे. घरातल्या घरात संडास असणे म्हणजे काय, हे चाळीच्या बोळात पहाटे रांगेत उभ्या राहिलेल्या बाईलाच विचारावे. त्या आनंदाला नाक मुरडणे आम्हाला अश्लाघ्य वाटते. आमचा आक्षेप आहे तो या घटनेच्या कथनाला. ‘सरकारने मोफत घरे दिली’ या वाक्यात कर्ता सरकार आहे, क्रिया देण्याची आहे, आणि भाडेकरू केवळ चतुर्थीत उभा आहे.

व्यवहार काय झाला ते पाहू. तीन मजल्यांच्या, विस्तीर्ण जागेवर पसरलेल्या चाळींतली माणसे चाळीस मजली इमारतींत जातात. त्यांच्या वर सरकल्याने जमीन मोकळी होते. त्या जमिनीवर विक्रीसाठी घरे बांधली जातात आणि त्यांतून पुनर्वसनाचा खर्च निघतो. म्हणजे भाडेकरूच्या नव्या घराची किंमत भरली जाते ती त्याने सोडलेल्या जमिनीतून. ज्या जमिनीवर त्याचा कसलाही हक्क नाही असे कायदा म्हणतो, ती त्याच्या जाण्याशिवाय मोकळी होत नाही. हा सरळसरळ विनिमय आहे. घरे रिकामी करण्याआधी हातात करारनामा द्या, अशी मागणी भाडेकरूंनी लावून धरली होती. त्यांना दान नको होते, करार हवा होता. मायबापांकडून करारनामा मागणारी ही मागणी, आमच्या दृष्टीने, या शंभर वर्षांच्या इतिहासातले सर्वांत समंजस वाक्य आहे.

हक्क की दान, हा शब्दांचा कीस वाटू नये. ज्यांचे कागद पूर्ण आहेत त्यांना दोन्हींतून घर मिळते. ज्यांचे कागद अपुरे आहेत, त्यांचे भवितव्य मात्र या एका शब्दावर ठरते. याची दोन उदाहरणे.

पहिले पोलिसांचे. या चाळींतल्या बऱ्याच खोल्या पोलिसांना सेवानिवासस्थान म्हणून दिलेल्या होत्या. शिपाई निवृत्त झाला, पण कुटुंब तिथेच राहिले. मुले त्याच बोळात वाढली. शेजारच्या खोलीत भाडेकरू, या खोलीत पोलीस. राहण्याची वर्षे सारखी, संडासाची रांग तीच. एकाच्या हाती भाडेपावती, दुसऱ्याच्या हाती नेमणुकीचा आदेश. पहिल्याला घर विनामूल्य. दुसऱ्याचा प्रश्न लोंबकळत राहिला. २०२२ मध्ये, १ जानेवारी २०११ पूर्वीपासून राहणाऱ्या सुमारे २,२५० पोलीस कुटुंबांना घरे देण्याचे ठरले. किंमत आधी ५० लाख रुपये सांगितली गेली, मग २५ लाख, आणि अखेर १५ लाख. एकाच घराची किंमत काही महिन्यांत दोनदा बदलते, तेव्हा ती कोणत्या तत्त्वावर ठरली हे विचारण्यात अर्थ उरत नाही. दान देणारा आकडा कमी-जास्त करू शकतो. हक्काची मोजणी अशी होत नाही. सेवानिवासस्थान पुढच्या शिपायासाठी रिकामे व्हायला हवे, हा शासनाचा मुद्दा पोकळ नव्हता. पण राहण्याच्या वर्षांना काही मोल आहे की नाही, हे आधी ठरवून मग त्या मुद्द्याला भिडता आले असते.

दुसरे उदाहरण शिवडीचे. त्याच खात्याने, त्याच काळात, त्याच काँक्रीटने बांधलेल्या तिथल्या १२ चाळी. पण त्यांच्याखालची जमीन बंदर न्यासाची, म्हणजे केंद्र सरकारच्या अखत्यारीतली. म्हणून २०१६ च्या योजनेत शिवडी आली नाही. वरळीचा भाडेकरू आणि शिवडीचा भाडेकरू यांच्या राहण्यात तसूभर फरक नव्हता. फरक होता तो पायाखालच्या सातबाऱ्यात. हक्क राहण्यातून येतो असे मानले असते, तर शिवडीला वेगळे काढता आले नसते. हक्क जमीनमालकाच्या इच्छेतून येतो असे मानले, म्हणूनच ते जमले.

इथे एक तुलना करावीशी वाटते, कारण बीडीडी चाळींचे मूळ ब्रिटिश राजवटीत आहे. १९१९ मध्ये ब्रिटनमध्ये कायदा होऊन नगरपालिकांनी कामगारांसाठी भाड्याची घरे मोठ्या प्रमाणावर बांधायला घेतली. लॉइड यांचे खाते त्याच्या पुढच्याच वर्षाचे. तिथल्या भाडेकरूंनाही दीर्घकाळ स्वतंत्र वैधानिक संरक्षण नव्हते, कारण तिथेही नगरपालिका हा सज्जन मालक मानला जाई. १९८० च्या कायद्याने त्यांना एकाच वेळी दोन गोष्टी दिल्या. भाडेकरू म्हणून निर्धास्त राहण्याचा हक्क, आणि किमान तीन वर्षे राहिलेल्यांना सवलतीत घर विकत घेण्याचा हक्क. लाखो कुटुंबांनी घरे घेतली. त्याबरोबर भाड्याच्या सार्वजनिक घरांचा साठा आटत गेला. म्हणून स्कॉटलंडने २०१६ मध्ये आणि वेल्सने २०१९ मध्ये विक्रीचा हा हक्कच बंद केला. यातून आम्हाला दिसते ते असे : भाडेकरूचा हक्क आणि मालकीचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबईने पहिला कधी दिला नाही आणि एकदम दुसऱ्यावर उडी घेतली.

त्या उडीचे परिणाम दोन आहेत. जे मालक झाले त्यांच्या वाट्याला उंच इमारतीचा देखभाल खर्च आला, उद्वाहनांचा, पंपांचा, रखवालदारांचा. अल्प भाड्याच्या आधारावर ज्यांनी संपानंतरची वर्षे काढली, त्यांच्यापैकी किती जण तो पेलून तिथे टिकतील आणि किती जण घर विकून शहराच्या टोकाला जातील, हे येत्या काळातच कळेल. दुसरा परिणाम अधिक दूरचा आहे. शंभर वर्षांपूर्वी, कितीही हिशेबी हेतूने का होईना, राज्याने कामगारासाठी भाड्याची खोली बांधली होती. आज मुंबईत येणाऱ्या सुरक्षारक्षकाला, घरकामाच्या बाईला, सामान पोहोचवणाऱ्या तरुणाला तशी खोली देणारे कोणी नाही. सार्वजनिक भाडेकरूचा प्रश्न आपण सोडवला तो भाडेकरू हा वर्गच मिटवून. जुन्यांना न्याय मिळाला. नव्यांसाठी दार उरले नाही.

आमच्यासारख्या साहित्याच्या शिक्षकांनी यात काय करावे? निदान शब्द नीट वापरावेत. शासकीय मराठीत या माणसांसाठी एकामागून एक शब्द आले : भाडेकरू, रहिवासी, झोपडीधारकांच्या शेजारी बसवलेला ‘गाळेधारक’, आणि मग ‘पात्र लाभार्थी’. या प्रत्येक शब्दात त्यांचे सरकारशी नाते सांगितले आहे. त्यांचे घराशी असलेले नाते एकातही नाही. शेतात राबणाऱ्यासाठी आपल्याकडे ‘कूळ’ होते, आणि त्या शब्दाच्या पाठीवर एक कायदा उभा राहू शकला. शहरात राहून राहून घर आपलेसे करणाऱ्यासाठी तसा शब्द आपल्याजवळ नाही. चाळीच्या कथा-कादंबऱ्यांनी ते नाते शेकडो पानांवर दाखवले आहे. कायद्याने ते वाचलेले नाही.

पुढच्या वेळी चाळ शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना एक प्रश्न आवर्जून विचारणार आहोत : या गोष्टीतल्या माणसांच्या भाडेपावतीवर कोणाची सही आहे? शेठजींची असेल तर गोष्ट एक होते. सरकारची असेल तर तीच गोष्ट वेगळी होते, कारण मग त्या पावतीच्या दुसऱ्या बाजूला आपण सगळेच उभे असतो.